यादीतले आणि यादीबाहेरचे

दरवर्षी जून-जुलैमध्ये महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम सुरू झाला, की पुण्यात दोन याद्यांची चर्चा सुरू होते. एक यादी गुणांची. ती दरवर्षी नवी लागते आणि पंधरवड्यात विसरलीही जाते. दुसरी यादी तिच्याहून जुनी आणि कितीतरी अधिक निर्णायक आहे, ती जातींची. कोणती जात अनुसूचित, कोणती जमात आदिवासी, कोण विमुक्त, कोण भटके, कोण इतर मागासवर्गीय, हे त्या यादीत लिहिलेले असते. ती क्वचितच बदलते, आणि बदलते तेव्हा मोर्चे, उपोषणे आणि न्यायालयीन लढे यांनंतरच. आरक्षण असावे की नसावे, या वादात आपल्याकडे शाई पुष्कळ खर्ची पडली. त्यामानाने त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न उपेक्षितच राहिला. मागास कोण, हे ठरवायचे कशावरून? आणि एकदा ठरवल्यानंतर ते बरोबर ठरले की चुकले, हे पाहायचे कोणी?

हा प्रश्न आज नव्याने उपस्थित करण्याचे कारण उघड आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३, जमातींना ७, विमुक्त व भटक्यांच्या चार गटांना मिळून ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गीयांना १९ असे ५२ टक्के आरक्षण दीर्घकाळ आहे. त्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आले आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याने मराठा समाजाचे १० टक्के आले. बेरीज ७२ झाली. एवढा मोठा वाटा ज्या वर्गीकरणावर अवलंबून आहे, ते वर्गीकरण किती पक्क्या पायावर उभे आहे, हे तपासणे हे आरक्षणाच्या समर्थकांचेच पहिले कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

व्याख्या बदलत गेली

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्याचा गाभा असा की सरकारी महसूल कष्टकऱ्यांच्या श्रमांतून येतो आणि त्यातून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. हा युक्तिवाद मुळात प्रतिनिधित्वाचा आहे. पैसा कोणाचा आणि बाकावर बसतो कोण, एवढेच त्यांनी विचारले होते. त्यानंतर वीस वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. त्या आदेशातील व्याख्या आज पुन्हा वाचण्याजोगी आहे. मागास कोण याची लांबलचक यादी महाराजांनी दिली नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सारे मागास, असे त्यांनी ठरवले. म्हणजे कोण पुढे गेले, हे आधी मोजले आणि उरलेल्यांना हात दिला.

पुढे मोजमापाची रीत पालटली. मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने १९३० साली अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग अशी त्रिविध विभागणी केली. या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. भटक्या जमातींची गणना तिने तिसऱ्या वर्गात केली. १९५० साली अनुसूचित जाती आणि जमाती यांच्या याद्या राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाल्या. १९५१ साली मद्रास राज्याचा वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांतील जातवार वाटणीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घालून संसदेने वाट मोकळी करून दिली. काका कालेलकर आयोगाने १९५५ साली २,३९९ मागास जाती नोंदवल्या. महाराष्ट्रात बी. डी. देशमुख समितीच्या १९६४ च्या अहवालानंतर १३, ७, ४ आणि १० अशी ३४ टक्क्यांची विभागणी आली. मंडल आयोगाने अकरा निकष लावले, सामाजिक निकषांना सर्वाधिक वजन दिले आणि एकूण २२ गुणांपैकी ११ मिळवणाऱ्या जातीला मागास मानले.

या साऱ्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. मागासपण हा जातीच्या रक्ताचा गुण नव्हे. ते एका विशिष्ट काळी, विशिष्ट मुलखात, विशिष्ट कसोटीने केलेले मोजमाप आहे. १९०२ च्या व्याख्येने मराठा समाज मागासांत होता. १९६४ च्या विभागणीत तो नव्हता. २००८ साली बापट आयोगाने त्याला इतर मागासवर्गात घेण्यास नकार दिला. २०१८ साली गायकवाड आयोगाने त्याला मागास म्हटले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आधारलेला कायदा रद्द केला. आणि २०२४ साली शुक्रे आयोगाने पुन्हा मागास म्हटले. समाज तोच, गावे तीच, शेतीही बहुधा तीच. एका पिढीच्या डोळ्यांदेखत निष्कर्ष चार वेळा फिरतो, तेव्हा दोष समाजाकडे नसून मोजपट्टीकडे आहे, असेच म्हणावे लागेल.

तालुक्याच्या सीमेवरची जात

मोजपट्टीतील दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण कैकाडी समाजाचे आहे. १९७६ साली सुधारलेल्या अनुसूचित जातींच्या यादीत कैकाडी ही जात आहे. परंतु ती अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांपुरती, आणि चंद्रपुरातही राजुरा तालुका वगळून. उर्वरित महाराष्ट्रात हाच समाज विमुक्त जातींत मोडतो. राजुरा वगळण्याचे कारण काय? तो तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, एवढेच. टोपल्या विणणारे हात दोन्हीकडे सारखे, गावकुसाबाहेरचे पालही सारखे. पण संस्थाने विलीन होऊन दोन पिढ्या लोटल्या तरी त्यांच्या सीमा प्रवेश अर्जावरच्या रकान्यात शिल्लक राहिल्या. बंजारा समाजाचेही तसेच. तो तेलंगणात अनुसूचित जमात आहे, कर्नाटकात अनुसूचित जात आणि महाराष्ट्रात विमुक्त जात.

आदिवासींच्या बाबतीत अशीच प्रादेशिक मर्यादा १९७६ च्या कायद्याने उठवली गेली. ते न्याय्यच झाले. पण तिचा परिणाम काय झाला? १९७१ च्या जनगणनेत राज्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण ५.८६ टक्के होते; १९८१ मध्ये ते ९.१९ टक्के झाले. २०११ मध्येही ते सव्वानऊ टक्क्यांहून थोडे अधिकच आहे. प्रवेशांतील राखीव वाटा मात्र ७ टक्क्यांवरच स्थिर राहिला. जमात यादीत आली, पण तिच्याबरोबर जागा आल्या नाहीत. मग पूर्वीपासून यादीत असलेला दुर्गम भागातील आदिवासी आणि नव्याने आलेला, तुलनेने शिकलेला समाज यांच्यात ओढाताण सुरू झाली, यात नवल ते काय?

या ओढाताणीतूनच नावांचे वाद निर्माण झाले. हलबा ही अनुसूचित जमात. हलबा-कोष्टी तीत येतात काय? १९८५-८६ साली वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल लागला २८ नोव्हेंबर २००० रोजी. यादीतील शब्द जसा आहे तसाच वाचावा, त्यात भर घालण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही, असे घटनापीठाने सांगितले. तोवर तो विद्यार्थी डॉक्टर झालेला होता. त्याची पदवी न्यायालयाने कायम ठेवली. जमातीचे पुढील लाभ मात्र नाकारले. एका जागेचा निर्णय पंधरा वर्षे टांगून राहिला आणि ती जागा ज्या खऱ्या हक्कदाराला मिळायची होती, त्याला ती कधीच मिळाली नाही. धनगर समाजाचा दावा तर एका अक्षरावर उभा आहे. यादीतील ‘धनगड’ म्हणजे ‘धनगर’च, असे त्यांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. ‘र’ आणि ‘ड’ यांच्यामध्ये एका मोठ्या समाजाच्या पिढ्यांचे भवितव्य अडकून पडावे, ही परिस्थिती त्या समाजालाही शोभत नाही आणि ‘धनगड’ ज्या नोंदीत आहे त्या ओरांव जमातीलाही न्याय देणारी नाही. एखाद्या समाजाची स्थिती काय आहे, हा प्रश्न मागे पडतो आणि त्याचे स्पेलिंग काय आहे, हा पुढे येतो.

पिशवीतले कागद

यादीत नाव असणे ही पहिली पायरी. आपण त्या नावाचे आहोत, हे सिद्ध करणे ही दुसरी आणि अधिक कठीण. जात पडताळणीच्या कार्यालयाबाहेर उन्हात बसलेले पालक पुणेकरांनी पाहिले असतील. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, खासरा पत्रक, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा. खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला होता, हे खरे आहे. वैद्यकीय प्रवेशांतील अशाच एका प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली आणि पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. त्या कायद्याने सिद्धतेचा भार अर्जदारावर टाकला. राखीव जागेचे रक्षण व्हायचे तर पडताळणी हवीच, याबद्दल दुमत नाही.

पण हा भार सर्वांच्या खांद्यांवर सारखा पडतो काय? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या दिनांकांपूर्वी कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचे वाडवडील गावात जमीन राखून होते, त्याला तलाठ्याच्या दप्तरात कागद सापडतो. पण वडार, पारधी, नंदीवाले, वैदू यांच्या आजोबांनी १९६१ पूर्वीचा कागद आणायचा कोठून? घर नाही म्हणून घरपट्टी नाही, शेत नाही म्हणून सातबारा नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. ज्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९५२ पर्यंत ज्यांच्या येण्याजाण्यावर पहारा ठेवला, त्यांची नोंद सरकारदरबारी होती खरी; पण ती पोलीस ठाण्याच्या वहीत होती, शाळेच्या वहीत नव्हती. जो जितका अधिक वंचित, तितका त्याच्यापाशी वंचित असल्याचा पुरावा कमी, असा हा विलक्षण उलटा न्याय आहे.

मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध हीही याच दप्तरशाहीची दुसरी बाजू होय. विदर्भात कुणबी म्हणून नोंदलेला शेतकरी इतर मागासवर्गात आला. मराठवाड्यातील तसाच शेतकरी मराठा म्हणून नोंदला गेल्याने बाहेर राहिला. २०२३ पासून शिंदे समितीने निजामकालीन दप्तरे धुंडाळली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेण्याचा निर्णय काढला. यातून कोणाला न्याय मिळेल आणि कोणाचा वाटा घटेल, यावर दोन्ही समाज आमनेसामने उभे आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाने कोणता शब्द लिहिला, यावर आजचा वाद सोडवू पाहणे म्हणजे आजाऱ्याची नाडी न बघता त्याच्या आजोबांची पत्रिका बघण्यासारखे आहे.

यादीच्या आतले यादीबाहेरचे

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. महाराष्ट्रात ५९ अनुसूचित जाती आहेत. त्या सर्वांना शिक्षणाचा लाभ सारखा झाला काय? मातंग समाजाची तक्रार जुनी आहे; तिच्यासाठी लहुजी साळवे आयोग २००३ साली नेमावा लागला. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल, असा निर्णय दिला. इतर मागासवर्गात तर चित्र अधिकच विषम निघाले. २०१७ साली नेमलेल्या रोहिणी आयोगाने केंद्रातील नोकऱ्या व उच्च शिक्षणसंस्थांतील प्रवेश तपासले, तेव्हा सुमारे ९७ टक्के लाभ केवळ एक चतुर्थांश जातींना मिळाल्याचे आणि ९८३ जातींच्या वाट्याला काहीच आले नसल्याचे आढळले. आदिवासींतही, कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांसारख्या अतिवंचित जमातींच्या मुलाला तुलनेने पुढे गेलेल्या जमातींच्या मुलांशी त्याच सात टक्क्यांत स्पर्धा करावी लागते.

उपवर्गीकरणाने दलितांची एकजूट फुटेल, अशी भीती व्यक्त होते. ती पोकळ नाही. राज्यकर्त्यांना फूट हवीच असते. पण ज्याच्या वाट्याला भाकरी आली नाही, त्याला एकजुटीसाठी उपाशी राहा, असे किती दिवस सांगणार? एकजूट टिकवायची तर वाटपाचा हिशेब उघडा ठेवला पाहिजे. आणि हिशेबच मांडलेला नसेल, तर उपवर्गीकरणही पुन्हा मोर्च्याच्या आकारावरून होईल, हा खरा धोका आहे.

येथे ‘अल्पसंख्य’ आणि ‘मागास’ या शब्दांतील गल्लतही दूर केली पाहिजे. संख्येने थोडा असलेला समाज शिक्षणात मागे असतोच असे नाही. पारशी आणि जैन ही त्याची उदाहरणे. अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क घटनेने दिला तो भाषा, धर्म, संस्कृती जपण्यासाठी. बेळगावातील मराठी माणसाला त्याची किंमत सांगायला नको. उलट महाराष्ट्रातील मुसलमान समाज अल्पसंख्य आहे आणि त्यातील मोठा भाग शिक्षणात मागेही आहे, हे २००६ च्या सच्चर समितीने दाखवले. २०१४ साली राज्याने त्यांतील मागासांना ५ टक्के जागा दिल्या. शिक्षणापुरत्या त्या चालू ठेवण्यास उच्च न्यायालयाने हरकत घेतली नव्हती, तरी पुढे तो अध्यादेश कायद्यात उतरला नाही. त्या समाजाला रस्त्यावर गर्दी जमवता आली नाही, हे त्याचे कारण नसेल काय?

परदेशाचा धडा

अमेरिकेतही हा वाद आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने पूर्वी कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन, मूळ अमेरिकन आणि मुख्य भूमीवरील पोर्तोरिकन, अशी नावानिशी यादी ठेवली होती. २००३ साली तिने ती व्याख्या बदलली. लोकसंख्येतील प्रमाणाच्या मानाने वैद्यकीय व्यवसायात ज्यांचे प्रमाण कमी, ते अल्पप्रतिनिधित्वाचे, असे तिने म्हटले. या कसोटीने तेथील भारतीय त्यात बसत नाहीत. आपल्या सदाशिव पेठेतून वा नागपुरातून गेलेल्या घरांतील मुले वर्णाने अल्पसंख्य असूनही वर्गात भरपूर आहेत. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरच बंदी आणली. तेथील निवाडा आपल्याला लागू नाही. आपली घटना वेगळी, आपला इतिहास वेगळा. परंतु नावांच्या यादीऐवजी प्रमाणाचे मोजमाप, ही २००३ ची कल्पना घेण्यासारखी आहे. शाहू महाराजांची दृष्टीही फार वेगळी नव्हती.

हिशेब उघडा करा

मग करावे काय? पहिली गोष्ट, राज्यातील प्रत्येक महाविद्यालयातील प्रवेशांचा जातवार, पोटजातवार, तालुकावार हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. विद्यार्थ्यांची नावे न देता. ही माहिती नव्याने गोळा करावी लागणार नाही. प्रवेश अर्जात ती भरलेलीच असते. कोणत्या जातीचा एकही विद्यार्थी पाच वर्षांत अभियांत्रिकीला गेला नाही, हे त्यातून आपोआप कळेल. दुसरी गोष्ट, याद्यांचा ठराविक मुदतीने फेरविचार व्हावा. १९९३ च्या केंद्रीय कायद्यात दर दहा वर्षांनी असा फेरविचार करण्याची तरतूद होती. २०१८ साली तो कायदाच रद्द झाला. आगामी जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला आहे. १९३१ नंतर प्रथमच असे आकडे हाती येतील. त्यांचा उपयोग निवडणुकीच्या गणितापुरता होऊ नये. तिसरी गोष्ट, भटक्या-विमुक्तांसाठी कागदाची अट शिथिल करून गृहचौकशी आणि समाजाच्या चालीरीतींची पाहणी यांवर पडताळणी व्हावी, आणि ती प्रवेशाच्या आधी, शाळेतच पूर्ण व्हावी.

जातवार आकडे प्रसिद्ध केले तर द्वेष वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. पण आज द्वेष कशावर पोसला जातो? अफवेवर. ‘त्यांनी सगळे लाटले’ हे वाक्य प्रत्येक जातीच्या तोंडी दुसऱ्या जातीबद्दल आहे, आणि ते खोडून काढायला कोणापाशी आकडा नाही. सगळा घोळ टाळून केवळ उत्पन्न पाहावे, असे दुसरे काही म्हणतील. उत्पन्न अवश्य पाहावे. पण गरिबी एका पिढीत येते आणि जाते; पालावरच्या मुलाच्या मागे चालत आलेला संशय उत्पन्नाच्या दाखल्यात मावत नाही.

या लेखाचे वाचक बहुतांशी शिक्षक आहेत, कचेऱ्यांतील कर्मचारी आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांना हा विषय मंत्रालयाचा आणि न्यायालयाचा वाटेल. पण ज्या शालेय नोंदवहीवरून आज प्रवेश मिळतो वा नाकारला जातो, ती साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका शिक्षकानेच लिहिली होती. घाईत, ऐकीव माहितीवर, कधी ‘हिंदू’ एवढेच लिहून त्याने रकाना भरला असेल; त्या एका शब्दाची किंमत आज त्या मुलाचा नातू मोजत आहे. पहिलीत आलेल्या पोराची नोंद आज जे करीत आहेत, त्यांनी त्याच्या बापाला खुर्ची द्यावी, दोन प्रश्न अधिक विचारावेत आणि मगच लेखणी टेकवावी. याद्या दुरुस्त व्हायला वर्षे लागतील. तेवढे काम मात्र याच जूनमध्ये होण्याजोगे आहे.